आळ नेहमी कटआउटवर

साठ-सत्तरच्या दशकात घडणारी एखादी मालिका किंवा सिनेमा बघताना फियाट हमखास दिसते. फाटकातून आत वळते, हेडलाइटचा पिवळट झोत व्हरांड्यावरून फिरतो, दार उघडतं, कुणीतरी उतरतं. पडद्यावर हे सगळं अर्ध्या मिनिटात संपतं. सेटवर मात्र त्यासाठी ती गाडी रात्रभर राबते. आधी तालीम, मग प्रकाशयोजना, मग टेक आणि त्यानंतर पुन्हा टेक. दर वेळी गाडी थोडीशी पुढे जाते आणि पोरं तिला ढकलत मागे आणतात. कॅमेऱ्याचा कोन ठरेपर्यंत हेडलाइट चालूच असतात. पहाटेच्या सुमाराला स्टार्टर एकदा कण्हतो आणि गप्प होतो. पन्नास माणसं हातावर हात ठेवून उभी राहतात. उजाडायला लागलं तर रात्रीचं दृश्य गेलंच. अशा वेळी गाडीसोबत आलेला चालक निकाल देऊन मोकळा होतो : "कटआउट गेला."

जुन्या गाड्या शूटिंगला पुरवणाऱ्यांच्या आणि त्या चालत्या ठेवणाऱ्या मेस्त्र्यांच्या संगतीत मी बराच काळ काढला आहे. त्यात हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही. ज्यांच्याकडून मी हे सगळं शिकलो ते मेस्त्री अशा वेळी बॉनेटला हात लावायच्या आधी चालकाला विचारायचे, "काल संध्याकाळपासून गाडी सलग किती पळाली?" उत्तर बहुधा 'पळाली कुठे, उभीच आहे' असं यायचं. मग दुसरी बॅटरी जोडून इंजिन चालू करायचे, रेस थोडी वाढवायचे आणि चालकाला डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघायला सांगायचे. दिवा विझायचा. बॅटरीवर लावलेल्या मीटरचा आकडा वर चढायचा. चार्जिंग व्यवस्थित होतं.

मग बॅटरी उतरली कशी? या गाड्यांवर अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो, हे त्याचं कारण. अल्टरनेटर आयडलिंगलाही काही ना काही करंट देतो. डायनॅमो मात्र इंजिन नुसतं गुरगुरत असताना बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंतही पोहोचत नाही. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला याची अडचण वाटत नाही, कारण मधल्या मैलांत सगळी भरपाई होऊन जाते. सेटवर दहा-वीस फुटांच्या धावेत भरपाईला वावच नसतो. प्रत्येक टेकला स्टार्टर बॅटरीतून ओरपतो, हेडलाइट ओरपतात आणि परत काहीच जमा होत नाही. त्या रात्री कटआउट बदलून काय होणार होतं? मेस्त्र्यांचा तोडगा साधा होता. डिक्कीत एक वेगळी भरलेली बॅटरी ठेवायची, हेडलाइटची तार तात्पुरती तिच्यावर घ्यायची आणि गाडीची स्वतःची बॅटरी फक्त स्टार्टरसाठी राखायची. प्रेक्षकाला दिसणारा तो पिवळट झोत कित्येकदा डिक्कीतल्या बॅटरीवर चालत असतो.

बॉनेटखाली फायरवॉलवर किंवा बाजूच्या पत्र्यावर बसवलेला, काळं झाकण असलेला, मुठीएवढा डबा म्हणजे डायनॅमोचं चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर. गॅरेजमध्ये त्या अख्ख्या डब्याला कटआउटच म्हणतात, जरी कटआउट हा त्यातला एक भाग असला तरी. झाकण काढलं की आत तांब्याच्या बारीक तारेची रिळं दिसतात. लुकासच्या आरबी १०६ या जुन्या मॉडेलमध्ये दोन, पुढच्या आरबी ३४० मध्ये तीन. एक रीळ कटआउटचं. डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की त्याचे पॉइंट चिकटतात आणि चार्जिंगची वाट मोकळी होते. इंजिन मंदावलं की ते सुटतात, म्हणजे बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत वाहून जात नाही. दुसरं रीळ व्होल्टेजचं. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोहोचलं की लोहचुंबकाच्या ओढीने त्याचा पॉइंट उघडतो, डायनॅमोच्या फिल्ड कॉइलच्या वाटेत एक रेझिस्टन्स येतो आणि डायनॅमोचा जोर ओसरतो. जोर ओसरताच स्प्रिंग पॉइंटला पुन्हा जोडते. ही उघडझाप सेकंदाला कित्येक डझन वेळा चालते. कान जवळ नेला तर बारीक गुणगुण ऐकू येते. तीन रिळांच्या डब्यात तिसरं रीळ करंटवर लक्ष ठेवतं. सगळ्या डब्यात ट्रान्झिस्टर एकही नाही. लोखंड, तांबं, स्प्रिंग आणि दोन पॉइंटमधली केसाएवढी फट यांच्या जोरावर या गाड्या साठ-साठ वर्षं चालल्या. मला या यंत्राबद्दल मनापासून आदर आहे.

त्याच्यावर खोटा आळ येतो तो बहुतेक वेळा शेजाऱ्यांमुळे. फॅनबेल्ट सैल असतो, डायनॅमोचे कार्बन झिजलेले असतात, कॉम्युटेटर काळा पडलेला असतो, नाहीतर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढलेली असते. आणि सगळ्यांत छुपा चोर म्हणजे अर्थिंग.

एक फियाट, जणू १९०० सालची असावी इतक्या भक्तिभावाने, तिच्या मालकांनी नव्याने उभी केली होती. गाडी ११०० डिलाइट. ही डिलाइट प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनत होती आणि १०८९ सीसीचं तेच इंजिन घेऊन पुढे पद्मिनी झाली. मालकांनी पत्रा उघडा करून गंज काढला, प्रायमर मारला, रंग असा चढवला की त्यात चेहरा दिसावा. जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या आधी महिनाभर गाडी तयार होती. मग बॅटरी उकळायला लागली. पाणी भराभर आटायचं, बॉनेट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास यायचा, रात्री रेस वाढवली की हेडलाइट पांढरेफटक व्हायचे आणि बल्ब उडायचे. रेग्युलेटर बदलला. तेच. पुन्हा दुसरा आणला. तेच.

मेस्त्री आले तेव्हा त्यांनी नव्या डब्याचं झाकणसुद्धा काढलं नाही. खिशातून एक तार काढली, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली. एक टोक डब्याच्या 'ई' टर्मिनलवर, दुसरं थेट बॅटरीच्या अर्थच्या खांबावर. इंजिन चालू, मीटरवर नजर. व्होल्टेज झटकन खाली आलं आणि स्थिर झालं.

"काका, रंग फार मन लावून मारलाय," ते म्हणाले, "अगदी स्क्रूच्या भोकातपण."

त्या डब्याला पत्र्यामधूनच अर्थ मिळत होता. पत्र्यावर प्रायमर आणि रंगाचा जाड थर, स्क्रूच्या आट्यांमध्येही रंग. त्यामुळे अर्थ अर्धवट लागत होता. व्होल्टेजच्या रिळाला खरं व्होल्टेज पूर्ण कळतच नव्हतं. त्याच्या हिशेबाने सगळं मर्यादेत होतं, म्हणून ते डायनॅमोला आवरत नव्हतं, आणि इकडे बॅटरी उकळत होती. मेस्त्र्यांनी डबा सोडवला, मागचा रुपयाएवढा पत्रा पॉलिश पेपरने उघडा केला, दातेरी वॉशर घातले, डब्यापासून इंजिनपर्यंत एक वेगळी अर्थची तार ओढली आणि उघड्या पत्र्यावर व्हॅसलीनचा हात फिरवला. बदललेले दोन्ही रेग्युलेटर मालकांनी पिशवीत घालून परत नेले. दोन्ही चांगले होते.

कटआउट खरोखर दोषी असतो तेव्हा मात्र तो वेळ देत नाही. एकदा रात्री जेवताना मेस्त्र्यांचा फोन वाजला. गाडी तासापूर्वी आवारात लावलेली, चावी काढलेली, आणि आता बॉनेटमधून जळका वास. मेस्त्री घास तसाच ठेवून ओरडले, "बॅटरीची तार काढा, बाकी काही बघू नका!" कटआउटचे पॉइंट एकमेकांना वितळून चिकटले होते. इंजिन बंद झालं तरी वाट उघडीच राहिली आणि बॅटरीने आपला सगळा करंट डायनॅमोत ओतायला सुरुवात केली. डायनॅमोला तो मोटरसारखा फिरवू बघत होता, पण बेल्टने इंजिनाशी बांधलेला डायनॅमो फिरणार कसा? तो नुसता तापत राहतो, तारेवरचं इन्शुलेशन जळतं आणि पुढे आग लागू शकते. त्या रात्री तार वेळेवर निघाली. जुन्या गाडीला बॅटरीचा कटऑफ स्विच बसवावा असं मी ज्याला त्याला सांगतो ते यामुळेच. मूळपणाला जरा बाधा येते, येऊ दे.

आता खऱ्या बदलाची गोष्ट. पुण्यातली एक मॉरिस मायनर, मालक एक निवृत्त काका, गाडी त्यांच्या वडिलांची. तक्रार अशी की लाल दिवा मधूनच लुकलुकतो आणि बॅटरी कधी उपाशी, कधी तुडुंब. एप्रिलची दुपार होती. मेस्त्र्यांसोबत त्यांच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा होता. अल्टरनेटरच्या गाड्यांत हुशार, डायनॅमो पहिल्यांदा बघत होता.

बेल्ट बघून झाल्यावर डायनॅमोची पाळी आली. त्याच्या 'डी' आणि 'एफ' या दोन्ही तारा काढल्या, टर्मिनल एका छोट्या तारेने जोडून टाकले, मीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं बॉडीवर. इंजिन हळूहळू वाढवलं. असं करताना रेग्युलेटर पूर्ण बाजूला पडलेला असतो, त्यामुळे डायनॅमो बेलगाम असतो. रेस फार वाढवायची नसते आणि चाचणी लांबवायचीही नसते. काटा सरळ, न अडखळता वीसच्या आसपास गेला. डायनॅमो निर्दोष.

मगच झाकण निघालं. व्होल्टेजचे पॉइंट निळे-काळे पडलेले, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ. मेस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. पॉइंट का जळले हे बघायला त्यांनी डबा उलटा केला. खालच्या रेझिस्टन्सची तार तुटलेली होती. पॉइंट उघडला की फिल्डचा करंट या रेझिस्टन्समधून जायला हवा. ती वाटच तुटली, म्हणून प्रत्येक उघडझापेला पॉइंटवर ठिणगी पडत होती. पॉइंट घासून दिले असते तर काकांना आठवडाभर बरं वाटलं असतं. या डब्यावरचा आळ मात्र खरा होता.

नवा डबा शोधणं हे आता मोठं प्रकरण झालं आहे. एके काळी मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्स्या डायनॅमोवर धावत होत्या, तेव्हा कटआउट सेट करणारा माणूस नाक्यानाक्यावर मिळायचा. पद्मिनीचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. डायनॅमोचे जाणकार त्याच्या कितीतरी आधीच पांगले होते. आता पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा बाजारांत ओळखीने विचारावं लागतं. हाती तीन प्रकारचा माल लागतो. एक, जुना पण न वापरलेला, खोक्यासकट. सगळ्यांत चांगला, पण इतकी वर्षं पडून त्याच्या पॉइंटवर पातळ थर धरलेला असतो, तो साफ करावाच लागतो. दोन, हल्ली नव्याने बनवलेले. दिसायला हुबेहूब, पण काहींचे पॉइंट आणि स्प्रिंगा हलक्या निघतात आणि आतलं सेटिंग भरवशाचं नसतं. तीन, बाहेर जुनं झाकण आणि आत इलेक्ट्रॉनिक सर्किट. पॉइंट नाहीत, सेटिंग नाही, झाकण लावलं की रॅलीच्या परीक्षकालाही कळत नाही. रोज वापरायच्या गाडीला मी तोच बसवायला सांगेन. पण काकांची मायनर महिन्यातून दोनदा निघणार, आणि त्यांना वडिलांच्या वेळचंच यंत्र हवं होतं. मला ते पटलं.

इलेक्ट्रॉनिक डब्याचा एक धोका मेस्त्र्यांनी त्या मुलाला तिथेच सांगून टाकला. या मायनरला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेलं. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना तसंच असायचं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एकेक कंपनी निगेटिव्हकडे वळली. एका गॅरेजमध्ये अशाच गाडीला निगेटिव्ह अर्थचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला, बॅटरी जोडली आणि झाकणाखालून धूर आला. जुन्या रिळांच्या डब्याने उलटी दिशा बऱ्याच अंशी सोसली असती. सर्किटला ती क्षणभरही सोसत नाही.

शेवटी जुना, न वापरलेला आरबी १०६ मिळाला. पॉइंट साफ करताना मेस्त्र्यांनी दोन वेगळ्या वस्तू काढल्या. व्होल्टेजच्या पॉइंटना बारीक कार्बोरंडम दगड, कटआउटच्या पॉइंटना बारीक काचपेपर, कारण कटआउटचे पॉइंट मऊ असतात. मग स्पिरिटने पुसून घेतले. बॅटरीची तार आधीच काढलेली होती. जुन्या डब्याच्या पाचही तारांना कागदी चिठ्ठ्या बांधल्या : ए, ए१, एफ, डी, ई. तारांचे मूळ रंग साठ वर्षांत एकसारखे तपकिरी झाले होते, त्यांच्या भरवशावर कोण राहणार? पत्रा घासून अर्थची जागा केली, डबा बसला, चिठ्ठी बघून तारा बसल्या.

बॅटरी जोडल्यावर तो मुलगा एक तार घेऊन पुढे आला. डायनॅमोला 'झटका' द्यायचा असतो, म्हणजे फिल्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श करून त्याच्या लोखंडाला चुंबकाची दिशा द्यायची असते, हे त्याने कुठेतरी बघितलं होतं. मेस्त्र्यांनी त्याचा हात धरला.

"डायनॅमो बदललास का?"

"नाही, मेस्त्री."

"अर्थ बदलला? बॅटरी उलटी लावली?"

"नाही."

"मग त्याला त्याची दिशा ठाऊक आहे. उगाच कशाला छेडतोस?"

त्यानंतरचं सेटिंग बघायला मी कुठूनही जाईन. 'ए' आणि 'ए१' वरच्या तारा काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे इंजिनला करंट मिळत राहील पण डबा बॅटरीपासून सुटा होईल. मीटर 'डी' आणि 'ई' मध्ये. रेस वाढवली तसा आकडा चढत गेला आणि सोळाच्या वर जाऊन थांबला. मुलगा चपापला. त्याच्या अल्टरनेटरच्या जगात चौदाच्या वर गेलं की बॅटरी मेली. त्याने स्क्रूकडे हात नेला, पण मेस्त्र्यांनी नुसती मान हलवली. या डब्याचं उघड्या सर्किटचं सेटिंगच २० अंश सेल्सिअसला १६.० ते १६.६ व्होल्ट असतं आणि हवा तापलेली असेल तर जरा कमी. ए आणि ए१ ची जाड वेटोळी व्होल्टेजच्या रिळावरच गुंडाळलेली असतात. बॅटरी आणि दिव्यांचा भार आला की तो करंट या वेटोळ्यांतून जातो, चुंबकाची ओढ वाढते आणि व्होल्टेज आपोआप खाली येतं. रिकाम्या डब्यावर चौदा लावून दिलं तर हेडलाइट लावताच चार्जिंग बंद पडल्यातच जमा. मायनर, अँबेसिडर किंवा कुठलीही डायनॅमोची गाडी असो, आजकाल 'नवा रेग्युलेटर लावूनही बॅटरी उतरते' अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हे सेटिंग कुणी 'दुरुस्त' केलं का ते विचारतो.

काटा थोडा जास्त वर होता. मेस्त्र्यांनी लॉकनट ढिला केला, स्क्रू जेमतेम हलला न हलला एवढा फिरवला, पुन्हा रेस, पुन्हा बघितलं. मग इंजिन बंद करून थांबले. हे काम अर्ध्या मिनिटाच्या आत उरकायचं असतं. त्याहून जास्त वेळ इंजिन चालू ठेवलं तर रीळ तापतं, तारेचा रेझिस्टन्स वाढतो आणि आकडा फसवतो. रीळ निवल्यावर दुसरा हात फिरवला. मग कटआउट : रेस अगदी सावकाश वाढवत, पॉइंट कुठे मिटतात ते बघायचं. १२.७ ते १३.३ च्या मध्ये 'टक्' झालं. मेस्त्री समाधानाने हसले. कटआउटच्या स्क्रूला त्यांनी हात लावलाच नाही.

तारा जागच्या जागी गेल्या, झाकण बसलं. हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळं एकदम चालू करून रेस वाढवली. लाल दिवा विझलेला, प्रकाश न थरथरता स्थिर. काकांनी हिशेब विचारला, तेव्हा मेस्त्र्यांनी डब्याची किंमत आणि मजुरी सांगितली आणि वर दोन गोष्टी बजावल्या. एक, पंधरा दिवसांनी बॅटरीचं पाणी बघायचं. एखाद्या सेलचंच आटलं असेल तर दोष बॅटरीचा, सगळ्या सेलचं सारखं आटलं असेल तर मला बोलवायचं, स्क्रूला कुणाला हात लावू द्यायचा नाही. दुसरं, जुना डबा भंगारात द्यायचा नाही. त्याची रिळं शाबूत आहेत, फक्त रेझिस्टन्स आणि पॉइंट गेलेत.

"तो मी नेतो," मुलगा म्हणाला, "रेझिस्टन्सची तार नवी गुंडाळून बघतो."

काकांनी मेस्त्र्यांकडे पाहिलं. मेस्त्र्यांनी डबा मुलाच्या हातात दिला आणि कुठल्या जाडीची, कशाची तार लागेल हे त्याला सांगायला सुरुवात केली.